महादेवपुऱ्याहून एका रांगेत

बंगळूरच्या पूर्वभागातील महादेवपुरा हे मूळचे खेडे. संगणक-कचेऱ्यांच्या दाटीत आज ते ओळखू येत नाही. तलावाने मात्र गावाचे नाव राखले आहे. पूर्वी येथून विमानतळ जवळ होता. मे २००८ मध्ये प्रवासी वाहतूक देवनहळ्ळीस गेली आणि प्रवास घरापासूनच लांबला.

दिवाळीस येथील मराठी कुटुंबे पुण्या-नागपुरास निघतात, तेव्हा वडिलांजवळ कचेरीच्या फेऱ्यांतून साठलेले पॉइंट असतात. त्यांवर एक तिकीट निघते, उरलेली पैशांनी. गोम येथेच आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले की, १२ वर्षांपर्यंतच्या मुलास निदान एका पालकाजवळ जागा द्यावी. परंतु दोघे एकाच ‘पीएनआर’ क्रमांकावर हवेत. तिकीट निराळे, की क्रमांक निराळा! मूल आईच्या तिकिटावर असेल, तर त्याची सोय होते; वडील कोठेही बसोत. आजीचा विचार त्या आदेशात नाही. वरच्या वर्गातील बढतीही बहुधा एकट्या सभासदालाच मिळते. पडद्यापलीकडे जाऊन बसलेल्या वडिलांविषयी मुलांचे मत विचारू नये.

म्हणून शक्यतो सर्वांची तिकिटे एकाच क्रमांकावर काढावीत. जागा निवडण्याची सभासदाची सवलत सोबत्यांनाही लागू आहे काय, हे आधी विचारावे. क्रमांक दोन झालेच, तर ते कंपनीस कळवून जागा घरूनच निश्चित कराव्यात. हेब्बाळच्या वाटेवर गाडी अडकली, की विमानतळाच्या खिडकीशी पोहोचेतो लगतच्या जागा बहुधा उरलेल्या नसतात.