कार्नो : चिटाच्या फुलांचं गाव

वेल्सला जायचं म्हटलं की आपण बहुतेक जण स्नोडोनियाचे डोंगर नाहीतर समुद्रकिनारा गाठतो. या खेपेला आम्ही न्यूटाऊन सोडल्यावर मुद्दाम कार्नोला थांबलो. हिरव्या टेकड्या, मेंढ्या, एक चर्च, आणि वस्ती जेमतेम हजाराच्या आत. दहा मिनिटांत गाव पाहून होतं! पण एके काळी ‘लॉरा ॲशली’च्या फुलाफुलांच्या झग्यांवर याच गावाचं नाव असायचं : मेड इन कार्नो, वेल्स.

लॉराबाईंचा जन्म १९२५ चा. आईवडील राहायला लंडनला, पण बाळंतपणासाठी आई डाउलेसला, वेल्समध्ये माहेरी गेली. आपल्याकडची रीतच की ही! लहानपणी तिथल्या प्रार्थनेतलं वेल्श त्यांना कळत नसे, पण गाणं फार आवडे. परक्या मुलखात वाढलेल्या आपल्या मुलांचं आरतीच्या वेळी याहून काय वेगळं होतं?

धंद्याची सुरुवात झाली गोधडीपासून. १९५० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं. ते पाहून लॉराबाईंना ठिगळं जोडून गोधडी शिवावीशी वाटली, पण बारीक नक्षीचं कापड बाजारात मिळेना. मग नवरा बर्नार्ड आणि त्या, दोघांनी दहा पौंडांत लाकूड, रंग आणि थोडं कापड आणलं, आणि पिम्लिकोच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर छपाई सुरू केली. १९५३ साली डोक्याला बांधायचे रुमाल निघाले आणि हातोहात खपले. १९६१ साली माखन्लेथला दुकान झालं : वर बिऱ्हाड, खाली दुकान, आणि विकायला आपल्या मालाबरोबर गावचा मध आणि हातातल्या काठ्यासुद्धा! कार्नोतला कारखाना आधी सोशल क्लबच्या जागेत होता. १९६५ साली रेल्वे स्टेशन बंद झालं, तेव्हा पुढे त्याच आवारात छपाईयंत्रं आणि शिलाईयंत्रं आली. शुक्रवारी दुपारी सुट्टी. बायकांनी शनिवार-रविवार घरच्यांबरोबर घालवावा, असं मालकीणबाईंचं म्हणणं.

पुढे तयार कपड्यांच्या या दुकानांची संख्या जगभरात दोनशेच्या वर गेली. लोक म्हणत, काय अस्सल इंग्लिश फुलं! आम्हांला मात्र गंमत वाटते ती ‘चिंट्झ’ या शब्दाची. हा तर आपला चीट! आजीच्या परकराचा, उशीच्या अभ्ऱ्याचा चीट. सतराव्या शतकात हिंदुस्थानातून हे कापड इथे आलं आणि इतकं लोकप्रिय झालं की इथले विणकर चिडले. १७२१ साली पार्लमेंटनं छापील सुती कापड अंगावर घालायलाच बंदी केली; ती १७७४ साली उठली. तोवर इथले लोक स्वतःच छापायला शिकले होते. म्हणजे पाहुणा घरचा झाला, आणि मूळ गाव विसरलं गेलं.

लॉराबाई १९८५ च्या सप्टेंबरात जिन्यावरून पडल्या आणि त्यातच गेल्या. दोनच महिन्यांनी कंपनीचे शेअर बाजारात आले. पुढे माल बाहेरच्या देशांत स्वस्तात शिवून यायला लागला, १९९८ साली सूत्रं मलेशियन उद्योगसमूहाकडे गेली, आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच कार्नोचा कारखाना थांबला. २०२० साली कंपनी बुडाली आणि न्यूटाऊनचा कारखानाही बंद झाला. नाव तेवढं दुसऱ्यांच्या मालकीचं होऊन दुकानांत टिकून आहे.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांचं काय झालं, ते आपल्यातल्या अनेकांनी घरात पाहिलं आहे. कापड कुठेही विणता-शिवता येतं, पण भोंग्यावर चालणारं गाव उचलून दुसरीकडे नेता येत नाही. कार्नोच्या चर्चच्या आवारात लॉराबाईंच्या थडग्यापाशी उभं राहिलं की हेच मनात येतं.

जायचं तर मोटारीनं जा. ॲबरिस्टविथची आगगाडी गावातून जाते, पण थांबत नाही. आणि कपाटात तळाशी एखादा जुना फुलाफुलांचा झगा असेल, तर देऊन टाकण्याआधी मानेमागची चिठ्ठी तेवढी वाचून पाहा.