कर्जाशिवाय घर बघायला निघालो तेव्हा

मागच्या आठवड्यात दोघीजणींनी विचारलं, "बँकेचं कर्ज नव्हतं, मग घर घेतलं कसं?" फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

आमचं कापडबाजारातलं दुकान सासऱ्यांच्या नावावर. हे आणि दीर दोघंही तिथेच राबतात, पण विवरणपत्र एकट्या सासऱ्यांचं. बँकेच्या हिशेबी ह्यांचं उत्पन्न शून्य, आणि सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यांना कोण पंधरा वर्षांचं कर्ज देणार? एकत्र कुटुंबाच्या दुकानांत हे सर्रास होतं. पुरुषांना ते घर घेताना कळतं आणि बायकांना त्याआधीच, पण विचारतं कोण!

2023च्या दिवाळीनंतर एजंटांकडे फेऱ्या सुरू झाल्या. पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, लोन किती होतंय?" लोन नाही म्हटलं की चेहरा बदलायचा. "बघतो, कळवतो." कळवायचा कोणीच नाही. नंतर समजलं की काहींना कर्जाच्या फाइलमागेही फायनान्स कंपनीकडून पैसे मिळतात. शिवाय मंजुरीचं पत्र हातात असलेला माणूस खरंच घेणार याची त्यांना खात्री असते. आमच्याकडे दाखवायला काय होतं? पतसंस्थेतल्या मुदत ठेवी, विकायला काढलेलं माझं सोनं आणि नणदोयांनी चेकने द्यायचं कबूल केलेले बिनव्याजी पैसे. सगळे मिळून 21 लाख.

सावेडीतला एक फ्लॅट मनात भरला होता. तळमजला, स्थानक जवळ, आणि स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकी. आमच्याकडे सगळ्यांचं जेवण सूर्यास्ताआधी, त्यामुळे संध्याकाळी पाच-सहाला ओट्यावर उजेड हवाच. साधू-साध्वी गोचरीला आले तर जिना नको, ही सासूबाईंची अट. सगळं जमलं होतं. मग एजंट हळूच म्हणाला, "कागदावर निम्मे दाखवू, बाकी रोख. बाकीची रोखही मी तीन टक्क्यांनी उभी करून देतो." तीन टक्के महिन्याला!

घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सासूबाईंनाही नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "संवत्सरीला कोणत्या तोंडाने मिच्छामि दुक्कडं म्हणायचं?" फ्लॅट गेला. मी दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही. खरं सांगते, राग सासूबाईंचाच आला होता.

केडगावचे एजंटकाका भेटले ते तब्बल वर्षाने. त्यांच्याकडे जाताना मी चूक सुधारली. आधी "घर दाखवा" म्हणायचे, आता एक कागद नेला. आज चेकने किती देऊ शकतो, दर तिमाहीला किती, शेवटचा पैसा कधी. खाली बँकेच्या नोंदींच्या प्रती. काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "वहिनी, तुम्हाला घर नाही शोधायचं, तुम्हाला मालक शोधायचाय. घाई नसलेला."

तसा मालक त्यांनी शोधला. निवृत्त शिक्षक, मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले. बिगरशेती प्लॉटवरचं छोटं बैठं घर, 32 लाख. 21 लाख आधी, उरलेले 11 अठरा महिन्यांत. घरातल्या बायकांचा हट्ट म्हणून घर सासूबाईंच्या आणि माझ्या नावावर. त्याचा फायदाही झाला. 1 एप्रिल 2021 पासून आपल्या राज्यात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. त्यात पुरुषाचं नाव जोडलं की सूट गेली.

पण इथेच एक गोष्ट लक्षात ठेवा. बँक कर्ज देते तेव्हा तिचा वकील कागद तपासतो, कारण तिला स्वतःच्या पैशांची काळजी असते. कर्ज नाही म्हणजे तो पहारेकरीही नाही. एजंट कितीही भला असो, त्याचं कमिशन व्यवहार झाला तरच. म्हणून वकील आम्ही स्वतः लावला आणि तीस वर्षांचा शोध घेतला. सातबाऱ्यावर 'इतर हक्क'मध्ये एका बँकेचा बोजा निघाला! गुरुजींनी कर्ज केव्हाच फेडलं होतं, पण बोजा कमी करून घ्यायचा राहिला होता. बँकेचा दाखला आणून फेरफार होईपर्यंत तलाठ्याकडचे हेलपाटे काकांनीच घातले. दीड महिना गेला. तोवर आम्ही एक रुपयाही दिला नाही आणि काकांनीही मागितला नाही. (जुन्या उताऱ्यावर जिल्हा अहमदनगर, नव्यावर अहिल्यानगर. मी घाबरले, वकील हसले.)

साठेखत नोंदवलेलंच हवं, नोटरीवर भागवू नका. आणि नोंदवलं तरी साठेखताने मालकी येत नाही, ती खरेदीखतानेच येते. ताबा आधी घेतलात तर मुद्रांक शुल्क साठेखताच्या वेळीच पूर्ण भरावं लागतं, त्याचे पैसे वेगळे ठेवा. आम्ही ठेवले नव्हते, माझ्या पाटल्या त्यात गेल्या. मध्ये मालकाचं बरंवाईट झालं तर? हा प्रश्न विचारायला ह्यांना संकोच वाटत होता. सासूबाईंनी सरळ विचारला. गुरुजी म्हणाले, "बरोबर विचारलंत." त्यांच्या मुलानेही संमती म्हणून सही केली. काकांना एक टक्का, चेकने.

तुम्ही नव्या इमारतीत बघत असाल तर एजंटचा महारेरा नोंदणी क्रमांक मागा, आणि नोंदवलेल्या कराराआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त देऊ नका. तसा कायदाच आहे. आमच्यासारख्या जुन्या घराला मात्र हे संरक्षण नाही.

अक्षय तृतीयेनंतर राहायला आलो. खिडकी पश्चिमेला नाही, दक्षिणेला आहे, त्यामुळे पाचलाच दिवा लावावा लागतो. सासूबाई परिग्रहाची मर्यादा वहीत लिहून ठेवतात. त्यात वास्तूसमोर त्यांनी 'एक' लिहिलं, आणि पेन्सिलीने बाजूला, 'अजून तीन हप्ते'.