रू लाफितवरची घरं

पॅरिसच्या रिशेल्य ग्रंथालयातून बाहेर पडून उत्तरेला चालत गेलं की थोड्याच वेळात रू लाफित लागतो. आज हा रस्ता बँकांचा आणि कचेऱ्यांचा. टोकाला नोत्र-दाम-द-लोरेत हे चर्च, आणि त्याच्या छपरावरच उभारल्यासारखं दिसणारं मोंमार्त्र टेकडीवरचं साक्रे-कर चर्च.

मला पाहायचं होतं 6 क्रमांकाचं दार. चित्रविक्रेता आंब्र्वाझ व्होलारचं दुकान तिथे होतं. चित्रकार एद्वार व्ह्युइयारच्या रंगीत शिळाछापांचा संच त्याने 1899 साली काढला: बारा चित्रं, एक मुखपृष्ठ, प्रती 100. ओग्युस्त क्लो या कसबी मुद्रकाने प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून ते छापले. त्यातल्या तीन चित्रांत गुलाबी भिंतींची खोली आहे. भिंतकागदाची नक्षी इतकी दाट, की घरातलं माणूस पटकन सापडतच नाही. अनेकांना ही निव्वळ सजावट वाटते. मला तसं वाटत नाही. व्ह्युइयारची विधवा आई घरातच कॉर्सेट शिवण्याचं काम चालवी. कापडाच्या ढिगाऱ्यांत, शिवणाऱ्या बायकांच्या हालचालींत तो वाढला, आणि आईच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1928 पर्यंत, तिच्याबरोबरच राहिला. घर त्याला बाहेरून न्याहाळावं लागलं नाही.

याच रस्त्यावर दुराँ-रुएलची गॅलरी होती. चित्रकर्ती मेरी कॅसॅटने आपली दहा रंगीत मुद्राचित्रं 1891 च्या एप्रिलमध्ये तिथे मांडली. बाळाला अंघोळ घालणारी आई, पाकीट चिकटवणारी बाई, शिंपिणीकडे कपडा अंगावर बेतून घेणारी तरुणी. आदल्या वर्षी पॅरिसमध्ये जपानी ठशांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्याचा ठसा या सपाट रंगांवर आणि स्वच्छ रेषांवर उघड दिसतो.

चित्रकार फेलिक्स व्हालोतोंच्या चित्रांतलं घर मात्र वेगळं. 1898 च्या ‘इंतिमिते’ मालिकेतल्या दहा लाकडी ठशांत दिवाणखाना काळ्याभोर शाईत बुडालेला, आणि त्यात बिलगलेली जोडपी एकमेकांना फसवताना दिसतात. फक्त 30 संच छापून लाकडी ठोकळे नष्ट केले. त्यांचे तुकडे एकत्र छापून त्याचा पुरावाही ठेवला.

व्हालोतोंची धार मी मान्य करते. पण घरात रोज जे श्रम होतात, जी माणसं नक्षीत हरवून जातात, ते सगळं व्ह्युइयारलाच दिसलं. पॅरिसला गेलात तर एक सकाळ लूव्हरची रांग सोडा आणि ही मुद्राचित्रं जवळून बघा.