डावा हात आणि खुली तार

मोझार्टची सी मेजरमधली 545 क्रमांकाची सोनाटा 1788 सालची. आपल्या रचनांच्या यादीत त्याने ती नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवली. दोन गिटारांसाठी ती उतरवून काढणाऱ्याला मात्र नवशिका राहून चालत नाही. पियानोचा डावा हात सुरुवातीला सा-प-ग-प असा फिरत असतो. पियानोची लिपी गिटारवर तशीच वाचली की सगळं एक सप्तक खाली वाजतं, आणि तिथे हा ‘प’ नेमका तिसऱ्या खुल्या तारेवर येतो. चारांतले दोन स्वर आयते हाती लागतात.

अडचणही तिथेच. आजच्या मोठ्या गिटारवर खुली तार दाबल्याशिवाय थांबत नाही. दोन मात्रांत त्या ‘प’ची गुणगुण सगळ्या चालीवर पसरते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची गिटार अंगाने लहान, वजनाला हलकी. व्हिएन्नात श्टाउफर आणि पॅरिसमध्ये लाकोत अशा गिटारी घडवत. वरच्या तीन तारा आतड्याच्या, खालच्या तीन रेशमावर धातूची तार गुंडाळलेल्या. स्वर चटकन उमटतो आणि लवकर विरतो. मोझार्टच्या काळचा व्हिएन्नी पियानोही असाच बोलायचा. त्यामुळे त्या पियानोच्या जवळची आजचा भव्य ग्रँड पियानो नव्हे, तर ही किरकोळ दिसणारी गिटारच, असं म्हणायला हरकत नाही.

कीबोर्डचं संगीत निदान दहा बोटांचं असतं. ऑपेराचं काय करायचं?

गिटारवादक माउरो जुलियानी 1806 मध्ये इटलीतून व्हिएन्नाला गेला आणि 1819 पर्यंत तिथे राहिला. रॉसिनीच्या ऑपेरांची ओव्हर्चर्स त्याने दोन गिटारांसाठी उतरवली. त्यांत ‘ला गाझ्झा लाद्रा’ आहे. 1817 साली मिलानच्या ला स्कालात आलेल्या या ऑपेराची सुरुवात ताशासारख्या पडघमांच्या थरथराटाने होते. गिटारवादकांकडे त्यावर एक जुनी युक्ती आहे: खर्जाच्या दोन तारा एकमेकींवर चढवून दाबायच्या आणि छेडायच्या. स्वर खरखरतो, पडघम वाजल्याचा भास होतो. शिवाय ओव्हर्चर ई मेजरमध्ये, म्हणजे सहाव्या खुल्या तारेचा ‘ई’ पायाला तयारच.

खरी कसोटी रॉसिनीच्या क्रेशेंडोची. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर खेपेला नवी वाद्यं सामील होतात. दोन गिटारांना मदतीला बोलवायला तिसरं कुणी नाही. म्हणून उतरवणाऱ्याने आधी हात आखडता घ्यायचा: पहिल्यांदा नुसती चाल आणि खाली एखादा स्वर, तोही घोडीजवळ छेडलेला, पातळ. मग जोडीला तिसरा स्वर, मग वरचं सप्तक, आणि शेवटच्या फेरीत दोघांच्याही सहा-सहा तारा. पहिल्याच पानावर सगळ्या तारा खर्च करणाऱ्याकडे शेवटी फक्त जोर उरतो, आणि आतड्याची तार जोराने ओढली तर आवाज वाढत नाही, खडखडतो.

सगळे स्वर कोंबण्याचा हट्ट आजही बऱ्याच रूपांतरांत दिसतो. तसं रूपांतर कागदावर प्रामाणिक दिसतं, वाजवताना दमवतं. फर्नांदो सोरने ‘मॅजिक फ्लूट’मधली एक धून घेऊन गिटारसाठी व्हेरिएशन्स लिहिली, ओपस 9. तिथे मोझार्टची फक्त चाल आहे, बाकी सगळं गिटारचं. ते टिकलं. दोन गिटारांसाठी उतरवणाऱ्याला इतकी मोकळीक नसते, पण काय गाळायचं हे धैर्याने ठरवण्याचा धडा सोरकडून घेता येतो.

त्या काळी एक सोय होती: टर्झ गिटार, नेहमीच्या गिटारपेक्षा तीन पडदे वर लावलेली. दुसरा वादक सी मेजर वाजवत असताना हिच्यावर बोटं ए मेजरची पडतात, आणि ए मेजर म्हणजे गिटारवादकाचं माहेर. चाल हिच्याकडे द्यावी, डावा हात मोठ्या गिटारकडे. टर्झ गिटार मिळत नसेल तर साध्या गिटारच्या तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावावा. मोझार्टच्या या सोनाटाला तेवढं पुरतं.