चुलीवरची ताटी

आमच्या पिढीच्या लहानपणी नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलकडच्या घरांत फ्रीज नव्हता, पण आषाढात धरलेला मासा दिवाळीनंतरही ताटात येत असे. त्याची सोय चुलीच्या बरोबर वर होती. मोठ्या माणसाने हात उंचावला की पोहोचेल अशा उंचीवर, आढ्याला दोरांनी बांधलेली बांबूच्या कामट्यांची ताटी. घराच्या भिंती कुडाच्या असोत की विटांच्या, ताटीशिवाय स्वयंपाकघर पुरं होत नसे. बियाण्याची मक्याची कणसं, लाल मिरच्या, पुढच्या सालासाठी ठेवलेली नागली, दुधीच्या बिया, पावसात भिजलेली चार लाकडं, सगळ्यांचा मुक्काम तिथेच. आणि या सगळ्यांच्या मधोमध, नेमक्या जाळाच्या वर, मासे.

ताटीवरची जागा कोणाला कुठली द्यायची हे आजी ठरवायची. मिरच्या कडेला, कारण त्यांना फार धग लागली की घरभर ठसका. बियाणं मधल्या अंतरावर, धूर लागेल पण उष्णता लागणार नाही असं. धुराने त्याला कीड लागत नाही. मासा मात्र मध्ये. आम्ही भावंडं ताटीखाली जेवायला बसत असू आणि वरून कधी काजळी, कधी माशाचं शेपूट ताटात पडे. शेपूट पडलं तर तक्रार कुणी करत नसे.

मासे धुरावर घालावे लागायचे त्याचं कारण आमचा पाऊस. बाहेरच्या माणसाला वाटतं, मासा वाळवायला ऊन पुरे. पण आमच्याकडे नदीला मासा येतो तेव्हा ऊन नसतं आणि ऊन पडतं तेव्हा ओहोळ कोरडे झालेले असतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की वहाळांतून, भातखाचरांच्या बांधांवरून चढणीचे मासे येत. शिंगटी, मरळ, वाम, झिंगे, बोटाएवढे चंदेरी बारीक मासे. थोरले पाग टाकत. बांधाला जिथे पाण्याची धार पडे तिथे कामट्यांचा सापळा लावून ठेवत. आम्ही पोरं ओंजळीने, टोपलीने, फाटक्या लुगड्याने मिळेल ते धरत असू. एका रात्रीत घर खाऊन उरेल इतका मासा, आणि पुढे आठ दिवस आभाळ फाटलेलं. मासा एका दिवसात नासतो. मग चूल होतीच, ती तशीही दिवसभर पेटलेली.

बाईमाणसांचं खरं काम तिथून सुरू होई. मोठ्या माशाचं पोट फाडून पित्त न फुटता काढायचं, कारण ते फुटलं की सगळा मासा कडू. राखेने चोळून बुळबुळीतपणा घालवायचा, धुवायचं, चिमूटभर मीठ आणि हळद. मोठा मासा पाठीतून चिरून उघडा करायचा, बारीक मासे तसेच, किंवा कामटीच्या काडीत ओवून. पहिल्या रात्री जाळ थोडा मोठा, म्हणजे वरचं पाणी झटकन जातं. नंतर मंद धूर, दिवसचे दिवस. चुलीत ऐन, धावडा किंवा वाळलेला आंबा चाले. ओलं लाकूड घातलं की धूर दाट होतो आणि मासा कडवट, म्हणून आई ओरडायची. मासा तपकिरी, टणक झाला, बोटाने दाबून वाकेनासा झाला की तयार. मग मडक्यात घालून तोंडाला फडकं बांधायचं, आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा ताटीवर फिरवून आणायचं.

यात नेमकं काय घडतं ते आम्हाला पुढे पुस्तकांतून कळलं. माशातलं पाणी कमी झालं की जिवाणूंना वाढता येत नाही. धुरातली फिनॉलसारखी द्रव्यं वरच्या थरात मुरतात, ती जिवाणूंना रोखतात आणि चरबी खवट होऊ देत नाहीत. जपानात कात्सुओबुशी अशीच होते: टूना उकडायचा, मग आठवडेच्या आठवडे धूर देत वाळवायचा, लाकडासारखा कठीण होईपर्यंत. आपल्या लक्षद्वीपमध्ये टूनाचंच मासमीन करतात, तेही उकडून, धूर देऊन, उन्हात वाळवून. त्यांच्याकडे त्याचा व्यापार झाला. आमच्याकडे धुरावरचा मासा बाजारात कधी गेला नाही, आणि त्यामुळेच त्याची फारशी नोंदही झाली नाही.

दुसरी मासळी बाजारातून यायची, समुद्राची. हरसूलचं पाणी पश्चिमेला उतरतं, दमणगंगेच्या खोऱ्यात, आणि दमणजवळ समुद्राला मिळतं. त्र्यंबकचा ब्रह्मगिरी इथून जवळ, तिथून निघालेली गोदावरी मात्र पूर्वेला जाते. आमचं जेवण गोदेच्या बाजूचं नव्हतं. पाणी ज्या बाजूला जाई त्याच बाजूने सुकी मासळी चढून येई: डहाणू, सातपाटीकडचे बोंबील, जवळा, वाकट्या, मांदेली. आठवडी बाजारात मासळीवाल्या बाया टोपल्या मांडून बसत. आमच्या आधीच्या पिढीत पैशांनी कमी आणि धान्याने जास्त सौदा होई. नागली किंवा भात मोजून द्यायचा आणि त्याच्या बदल्यात सुकट घ्यायची. आजी बोंबील हातात घेऊन वाकवून बघायची, नाकाशी न्यायची आणि परत ठेवायची. बाई म्हणायची, "आजे, घे ना, कडक आहेत." आजी म्हणायची, "कडक आहेत, पण पिवळे पडलेत." हा संवाद दर बाजाराला तसाच होई.

पावसाळा लागण्याआधी ही मासळी भरून ठेवायची. आता १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक होड्यांना मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताजी मासळी तशीही कमीच. ओल्या हवेत सुके बोंबील मऊ पडतात, बुरशी धरतात. म्हणून समुद्राची मासळीही ताटीवरच चढे. उन्हात वाळलेला बोंबील आठ दिवस धुराखाली राहिला की त्याची चवच बदलते. नाशकाच्या बाजारात आणलेल्या बोंबलाला ती चव नाही हे आमच्यातला प्रत्येक जण ठामपणे सांगतो, आणि त्यात स्मरणरंजनाचा भाग किती हे कुणी तपासायला जात नाही.

आता खाण्याचं. धुरावरची मासळी आमच्याकडे कधी एकटी शिजत नसे, आणि ती कधी भरपूरही नसे. आठ माणसांत दोन मूठभर. त्यामुळे तिने भाजीला चव द्यायची आणि भाकरीने पोट भरायचं. अंबाडीची भाजी ही पहिली मानकरी. कोवळा पाला उकळून पाणी काढायचं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मूठभर कण्या, आणि भाजून घेतलेली सुकट. अंबाडीचा आंबटपणा माशाच्या वासाला बरोबर अडवतो. पाऊस सुरू झाला की शेवळं, टाकळा, कवळा, कोळीभाजी. प्रत्येकीत जवळा पडायचा. शेवळं घशाला खाजतात म्हणून त्यात आंबट हवंच, तिथे आंबोशी. उडदाच्या किंवा कुळथाच्या पातळ कालवणात धुरावरचा शिंगटीचा तुकडा. फोडणीला खुरासणीचं तेल, तेही पळीचं टोक बुडेल इतकंच. आणि काहीच नसेल त्या दिवशी निखाऱ्यावर भाजलेला बोंबील, पाट्यावर लसूण-मिरचीबरोबर ठेचून, नागलीच्या गरम भाकरीवर. माझ्या मते या सगळ्यांत हीच खरी मेजवानी. आमची आत्या अजून अंबाडीच्या बाजूने आहे.

दिवाळीनंतर घरं रिकामी होत. भात कापून झाला की माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जात, घड औषधात बुडवायला, मणी विरळ करायला, काही वीटभट्ट्यांवर. पाठीवरच्या बोचक्यात नागलीचं पीठ, मिरची आणि फडक्यात बांधलेली मासळी. हलकी, नासायची भीती नाही, तीन दगड मांडले की जेवण तयार. बागेच्या कडेला झोपडीत राहून रोज पगारावर भाजी विकत घेणं परवडणारं नव्हतं. ताटीवरचा मासा त्या दिवसांसाठीही राखलेला असे हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं, कारण आम्हाला गावी वृद्धांजवळ ठेवून आई-बाप जात आणि मडकं अर्धं होऊन जाई. आजी ओरडत नसे. उरलेलं मोजत बसे.

आहारशास्त्राने या ताटाला मार्क दिले तर चांगलेच मिळतील. शंभर ग्रॅम सुक्या बोंबलात साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. नागलीत शंभर ग्रॅमला सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम, तांदळात त्याच्या जवळपासही नाही. बारीक मासा काट्यांसकट चावून खाल्ला तर तेही कॅल्शियमच. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही, ते माशातून. आणि डाळ-पाल्यातलं लोह अंगी लागायला थोडा मासा सोबतीला असला तर मदत होते. हे कुणी जमवून आणलेलं नव्हतं. नागली डोंगरउतारावर येते, अंबाडी बांधावर, मासा वहाळात. जे होतं ते एका तव्यावर आलं.

पण म्हणून आमचं बालपण सुपोषित होतं असं म्हणणं म्हणजे खोटं बोलणं. आमच्या शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणाने मुलं गेली आणि सगळ्या महाराष्ट्राला आदिवासी पट्ट्याचा नकाशा आठवला. त्या घरांतही ताट्या होत्या. श्रावण-भाद्रपदात धान्य संपलं की ताटीवरच्या दोन मुठी किती पुरणार? २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा बायांना गरम जेवण, मुलांना अंडी मिळू लागली. चांगलीच गोष्ट. मात्र बाईच्या हाताखालच्या सुकटीकडे, अंबाडीकडे योजनेने फारसं बघितलं नाही याची चुटपुट लागते. अंडं शहरातून येतं, मासा पावसात स्वतः चालत येत होता.

धुराची दुसरी बाजू बायांच्या डोळ्यांत होती. मासा धुरात दोन महिने, आमच्या आया धुरात चाळीस वर्षं. लाल डोळे, सकाळचा खोकला, चाळिशीतच चढ चढताना लागणारी धाप. तेव्हा त्याला वय झालं म्हणत. लाकूड जळताना निघणारी बेन्झोपायरीनसारखी द्रव्यं माशावरही बसतात. युरोपीय संघाने धुरावरच्या माशासाठी बेन्झोपायरीनची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. आमच्या ताटीवरचा मासा कुणी मोजला नसेल, पण काजळी जाडच असायची. म्हणून २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचा गॅस आला तेव्हा सुनांनी ताटी उतरवली, आणि ती उतरवली हे बरंच झालं. ज्यांनी कधी चूल फुंकली नाही त्यांनी चुलीच्या चवीवर फार बोलू नये, असं माझं मत आहे. मीही फुंकलेली नाही, बहिणींनी फुंकली.

तरी ताटी पूर्ण गेली नाही. सिलिंडर संपतो, दुसरा भरायला पैसे लागतात, अंघोळीचं पाणी तापवायला पडवीबाहेर चूल राहतेच. तिच्यावर आता मोकळ्या हवेत, पत्र्याखाली मासे टांगलेले दिसतात. धूर वर निघून जातो, बाईच्या तोंडावर कमी येतो. पोरीबाळींनी रीतही थोडी बदलली आहे. वापरण्याआधी मासा जाडसर फडक्याने पुसायचा, मोठ्या माशाची काळी सालच सोलायची, मग गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून ते पाणी ओतून द्यायचं. मीठही बऱ्याच अंशी त्या पाण्याबरोबर जातं, तरी रक्तदाबाच्या माणसाला कालवणात वेगळं मीठ घालायचं नाही. बारीक सुकट नुसती तव्यावर कोरडी भाजायची, तेलात तळायची नाही.

एका गोष्टीवर मात्र घर अजून दुभंगलेलं आहे: बारीक माशांची डोकी ठेवायची की काढायची. आजी डोकी काढू देत नसे, "डोकं खाल्लं तर डोळं चांगलं राहतं" म्हणत. आम्ही हसायचो. बांगलादेशात मोला नावाच्या चिमुकल्या माशावर बराच अभ्यास झाला आहे, त्यात अ जीवनसत्त्वाचा मोठा साठा त्याच्या डोळ्यांत आणि पोटात सापडला. म्हणजे आजी जिंकली, असं मी आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, वाळवल्यावर त्यातलं किती उरतं ते सांग आधी. ते खरंच आहे, उन्हाने अ जीवनसत्त्व बरंचसं नाहीसं होतं. शिवाय तिचं म्हणणं असं की डोक्यात वाळू असते, ती दाताखाली येते, आणि नातवंडं त्या कारणानेच मासा टाकतात. तिच्या घरी डोकी निघतात, आमच्या घरी राहतात. गणपतीत सगळे एकत्र आले की दोन पातेली लागतात.