अलिबागची इस्राएल आळी

मुंबईहून लाँचनें मांडव्यास व तेथून मोटारीनें अलिबागेस मी पुष्कळ वेळां गेलों आहें, तो समुद्र पाहण्यासाठीं. या खेपेस मात्र एका जुन्या सहशिक्षकांच्या आमंत्रणावरून गेलों. हे गृहस्थ बेने इस्राएल, म्हणजे आपले कोंकणांतले यहुदी. इस्राएल देशांतील अश्दोद शहरीं त्यांस नातू झाला. बाळाची सुंता तिकडेच झाली. परंतु मलिद्याचा नवस आजोबांनीं इकडे बोलला होता.

यांची परंपरा अशी कीं, नवगांवच्या किनाऱ्याशीं गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. पोथ्या समुद्रांत गेल्या. उरलें तें शनिवारचा विसावा, आठव्या दिवसाची सुंता, खवल्यांखेरीजचे मासे न खाणें आणि ईश्वर एक आहे अशी 'शेमा' नांवाची प्रार्थना. तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं ते बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणूं लागले. गांवांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर अशीं आडनांवें पडलीं. आमच्याकडे सूत्रग्रंथांनीं कपाटें भरलेलीं आहेत आणि सोळा संस्कारांपैकीं घरोघर तीन-चारच उरले आहेत, हें मला तेथें बसल्या बसल्या वारंवार आठवत होतें.

सुंतेस ते 'ब्रित' म्हणतात. ब्रित म्हणजे करार. अब्राहामानें ईश्वराशीं केलेला. आठवा दिवस शब्बाथाचा आला तरी निरोगी बाळाची सुंता टळत नाहीं. त्या वेळीं एलियाहू नबीसाठीं एक खुर्ची निराळी मांडतात. याच नबीच्या नांवें मलिदा होतो. अलिबागेजवळ खंडाळें गांवीं त्याच्या रथाची खूण खडकावर दाखवितात.

शुक्रवारीं सकाळीं माजघरांत मोठें ताट मांडलें होतें. भिजवलेले पोहे, खवलेलें खोबरें, साखर, वेलदोडे व वर फळें. मंत्र हिब्रू, पण "अहो, वेलदोडे कमी झाले काय?" हें शुद्ध अलिबागी मराठी. सत्यनारायणाच्या प्रसादास सरावलेल्या मला तो मलिदा परका वाटला नाहीं; दुसऱ्यांदां मागून घेतला.

लग्नाविषयीं वहिनी उत्साहानें सांगत होत्या. आदल्या दिवशीं मेंदी. विधीच्या पेल्यांत पूर्वी काळ्या मनुकांचें सरबत. नवरा वधूच्या तर्जनींत अंगठी घालतो, 'केतुबा' हा विवाहलेख सर्वांसमक्ष वाचतात व शेवटीं कांचेचा पेला फोडतात. इसवी सन ७० मध्यें जेरुसलेमचें मंदिर पडलें, त्याची ती आठवण. सुखाच्या मुहूर्तावर दुःख स्मरावें ही रीत मला फार थोर वाटली.

सायंकाळीं आम्ही 'मागेन आबोथ' या प्रार्थनामंदिरांत गेलों. तें १८४८ सालीं स्थापन झालें व १९१० सालीं नव्यानें बांधलें गेलें. त्या आठवड्यांत सहशिक्षकांच्या वडिलांचा स्मरणदिन होता. अशा वेळीं पुत्रानें 'कद्दीश' म्हणावयाचा. त्यांत मृत्यूचा शब्दहि नाहीं, केवळ ईश्वराची स्तुति. मात्र तेरा वर्षांवरील दहा यहुदी पुरुष जमल्याखेरीज तो म्हणतां येत नाहीं.

१९४८ नंतर घरेंच्या घरें इस्राएलास गेलीं. तेथेंहि प्रारंभीं धर्माधिकाऱ्यांनीं यांच्या विवाहसंबंधांविषयीं शंका काढल्या. १९६४ सालीं तेथील संसदेनें हे सर्वार्थानें यहुदीच होत असें जाहीर केलें, तेव्हां कोठें तो अपमान शमला. भारतांत पूर्वी वीस हजारांच्या घरांत असलेला हा समाज आज पांच हजारांहूनहि कमी आहे.

"शास्त्रीबोवा," सहशिक्षक हळूंच म्हणाले, "नातवाची सुंता तिकडे झाली, लग्नहि तिकडेच होईल. माझ्यामागें कद्दीशहि तोच म्हणेल, तिकडे दहा सहज मिळतात. पण बाबांची कबर इथें आहे हो."

ते दाराकडे पाहत राहिले. आठ मंडळी आली होतीं. एक वृद्ध काठी टेकीत आले, नऊ झाले. सहशिक्षकांची नजर बांकांवरून फिरत मागें माझ्यापर्यंत आली, क्षणभर थांबली, आणि मग त्यांनीं पुस्तक उघडलें.