मागचा जिना

28 एप्रिल 1959
काल नेपियन सी रोडवर खून. प्रेम आहुजा, मोटारींचा व्यापारी. गोळ्या तीन. मारणारा नौदलाचा कमांडर, कावस नानावटी. स्वतःच पोलिसांत हजर. संपादक म्हणाले, "आता दुसरं काही बघू नका."

29 एप्रिल
सेटलवाड लेन, आहुजाची इमारत. पुढच्या दारानं आपल्याला कोण आत घेणार? मागच्या जिन्याशी ड्रायव्हर, घरगडी विड्या ओढत बसलेले. मीही टेकलो. बातमी तिथंच मिळते. साहेबलोक फक्त खुलासे देतात.

23 सप्टेंबर
सेशन्स कोर्टात खटला उभा राहिला. न्यायाधीश मेहता. ज्युरीत नऊजण. बायकांची ही झुंबड. नवा शर्ट घालून गेलो, का कोण जाणे.

4 ऑक्टोबर, रविवार
'ब्लिट्झ'चा चार आण्यांचा अंक दोन रुपयांना. त्याच्या संपादकांनी, करंजियांनी, कमांडरला पार देव्हाऱ्यात बसवलाय. फुटपाथवर विकायला आहुजा टॉवेल, खेळण्यातलं नानावटी पिस्तूल. पोरं पिस्तूल घेतात.

ऑक्टोबर. तारीख घालायची राहिली.
टॉवेल. बचाव म्हणतो, झटापटीत गोळ्या सुटल्या. मग प्रेताच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा? सरकारी वकील त्रिवेदी तो मुद्दा सोडत नाहीत. मला सगळा खटला त्या गाठीत दिसतो. संपादकांना कमांडरच्या बायकोच्या, सिल्व्हिया नानावटींच्या, साडीचा रंग हवा. दिला.

15 ऑक्टोबर
लालबागचा एक गिरणी कामगार. त्यानंही बायकोच्या यारालाच मारलं, सुरा चालवून. कलम तेच, 302. जन्मठेप. तीन ओळी दिल्या, दोन छापून आल्या.

21 ऑक्टोबर
आठ विरुद्ध एक. निर्दोष! बाहेर जल्लोष. मेहतांना निकाल पटला नाही, प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. अंक हातोहात संपला. पगारात पंधरा रुपये वाढ.

22 ऑक्टोबर
ही म्हणाली, "मेलेल्याला बहीण आहे ना? तिचं काही आलं नाही तुमच्या पेपरात."
जेवून घेतलं.

11 मार्च 1960
हायकोर्टात जन्मठेप. लगोलग राज्यपालांचा हुकूम: अपिलाचा निकाल लागेतो शिक्षा स्थगित, मुक्काम नौदलाच्याच ताब्यात. लालबागवाला कुठल्या तुरुंगात आहे, विचारायला हवं.

24 नोव्हेंबर 1961
सुप्रीम कोर्टात जन्मठेप कायम. निकालपत्रात टॉवेल आहे. साडी नाही.

मार्च 1964
कमांडरला माफी. राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित. बहिणीनं, मॅमी आहुजांनी, हरकत नसल्याचं लिहून दिलंय. बातमीत पहिलं वाक्य तेच घातलं.
नव्या उपसंपादकानं विचारलं, "ह्या कोण?"
सांगितलं. त्यानं वाक्य गाळलं.